ट्रॉलीचे टायर केव्हा बदलावे ?

दसरा जवळ आला, की ऊसपट्ट्यात गळीत हंगामाची लगबग सुरू होते. ट्रॅक्टरचे तेल-पाणी आपण आवर्जून पाहतो. मागच्या ट्रॉलीवर मात्र जाता जाता एक नजर टाकतो. टायरवर नक्षी दिसली, की झाले ! “अजून एक हंगाम सहज निघेल,” म्हणून मोकळे होतो. पण शेतकरी बंधूंनो, ट्रॉलीच्या बाबतीत ही नक्षीच फसवी असते.

असे का ? ट्रॅक्टरचे मागचे चाक जमिनीला रेटा देते, म्हणून ते झिजते. ट्रॉलीचे चाक नुसते ओढले जाते. त्यातून हंगाम संपला, की ट्रॉली कित्येक महिने उघड्यावर उभी. नक्षी शाबूत राहते. पण ऊन आणि हवेतला ओझोन वायू रबराला कडक करीत राहतात. रबराची लवचीकता गेली, की भेगा पडतात. असा टायर रिकाम्या ट्रॉलीला चालतो, उसाच्या भाराखाली दगा देतो.

म्हणून आधी टायरचे वय वाचा. बहुतेक टायरांच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. हे आकडे आतल्या बाजूलाही असू शकतात, तेव्हा वाकून पाहा. मोटारीच्या टायरांबाबत अनेक कारखानदार सांगतात, की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर टायर वापरूच नये. ट्रॉलीलाही हाच हिशेब धरावा.

मग हात फिरवून पाहा. बाजूला फुगा आला असेल, तर आतले दोरे तुटले आहेत असे समजा. फुगा आलेला, दोरे दिसू लागलेला किंवा खोल भेगा पडलेला टायर ताबडतोब काढा. त्याला ठिगळ नाही. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली, तरीही बदला. केसासारख्या बारीक भेगा असतील, तर लक्ष ठेवा.

झीज कुठे झाली, तेही पाहा. मधोमध झिजला, तर हवा जास्त. दोन्ही कडांना झिजला, तर हवा कमी किंवा भार जास्त. एकाच कडेला झिजला, तर बहुधा आस वाकला असेल किंवा बेअरिंग ढिले असेल. हा दोष काढल्याशिवाय नवा टायर घातलात, तर त्याचीही तीच गत होईल.

आता तुम्ही म्हणाल, टायर काय स्वस्त आहेत ? नाहीत. पण भरली ट्रॉली रात्री रस्त्यात कलंडली, तर तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, हे झाले पैशाचे नुकसान. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे काय ? उसावर बसलेल्या तोडणी मजुराचे काय ? त्यांच्या जिवाचे मोल टायरच्या किमतीत बसत नाही.

तेव्हा पहिली खेप भरण्याआधी प्रत्येक चाक तपासा. आणि हंगाम संपला, की ट्रॉली सावलीत, आसाखाली लाकडी ठोकळे देऊन उभी करा.