दिल्लीच्या पैशातलं छप्पर

घराच्या भिंती कारखान्यात तयार करायच्या आणि जागेवर नेऊन जोडायच्या! स्वतंत्र भारताच्या सरकारनं हा प्रयोग १९५० च्या सुमारासच करून पाहिला. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे दिल्लीत येत होते. जर्मनीत जन्मलेले वास्तुविशारद ऑटो कोनिग्सबर्गर तेव्हा केंद्राचे गृहनिर्माण संचालक होते. दिल्लीत सरकारी कारखाना उभा राहिला, पण भिंतींच्या काँक्रीटला तडे गेले आणि १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर भारत सोडून गेले. कारखाना मात्र टिकला. पुढे त्याचीच ‘हिंदुस्तान प्रीफॅब’ ही सरकारी कंपनी झाली.

त्याच काळात कल्याणजवळच्या लष्करी बराकींमध्ये सिंधी निर्वासितांचे संसार मांडले जात होते. १९४९ मध्ये त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. आजही तिथल्या पत्त्यात ‘कॅम्प नंबर ४’ असतो.

आता पैशाचं गणित. राज्यघटनेनुसार जमीन राज्यांच्या अखत्यारीत, त्यामुळे दिल्लीच्या हातात उरते ती मुख्यतः तिजोरीची किल्ली. १९५२ ची औद्योगिक कामगारांसाठीची घरयोजना याच वाटेनं गेली: राज्य सरकारांना निम्मं अनुदान, निम्मं कर्ज. १९७० मध्ये कर्जपुरवठ्यासाठी ‘हुडको’ ही सरकारी कंपनी आली, अवघ्या दोन कोटींच्या भांडवलावर!

१९७६ मध्ये मात्र केंद्रानं राज्यांच्या संमतीनं थेट जमिनीलाच हात घातला. नागरी कमाल जमीन धारणा कायद्यानं मुंबईत मोकळ्या जमिनीची मर्यादा ५०० चौरस मीटर ठरवली. जादा जमिनीवर गरिबांची घरं व्हावीत, हा हेतू उत्तम होता. पण सवलतींच्या कलमांतून आणि कोर्टकज्ज्यांतून बरीच जमीन निसटली. महाराष्ट्रानं २००७ मध्ये हा कायदा सोडला. हातची गेलेली ही संधी मला आजही सलते.

मुंबईकरांच्या तोंडी असलेली ‘पीएमजीपी कॉलनी’ आली कुठून? १९८५ मध्ये राजीव गांधींनी मुंबईसाठी १०० कोटींचं ‘पंतप्रधान अनुदान’ (प्राइम मिनिस्टर्स ग्रँट) जाहीर केलं. धारावीचा विकास आणि जुन्या चाळींची पुनर्बांधणी यांसाठी हा पैसा होता.

इंदिरा आवास योजनाही १९८५ चीच. गावात तिला सगळे ‘घरकुल’ म्हणतात. २०१६ पासून ती पंतप्रधान आवास योजना झाली आणि घराचं किमान क्षेत्रफळ २० वरून २५ चौरस मीटरवर गेलं. सपाट भागासाठी मदत ठरली १ लाख २० हजार. पायापासून छपरापर्यंत प्रत्येक टप्प्याचा फोटो अपलोड करायचा, मगच पुढचा हप्ता! घर शक्यतो बाईच्या नावावर किंवा दोघांच्या. मला या योजनेतली ही अट सर्वांत मोलाची वाटते.

आणि सोलापूर! इथं घराची मागणी खालून उठली. बिडी वळणाऱ्या बायकांना संघटित करून कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम मास्तरांनी शहराजवळच्या कुंभारीत दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली. मग आलं रे नगर: यंत्रमाग कामगार, बिडी कामगार, कचरावेचक अशांसाठी तीस हजार घरं. एवढी मोठी कामगार वसाहत उभी करायला केंद्र, राज्य आणि कामगार अशा तिघांचा पैसा लागला. कुंभारीतल्या घरांसाठी २००६ मध्ये मनमोहन सिंग सोलापुरात आले होते. रे नगरच्या पहिल्या पंधरा हजार घरांसाठी १९ जानेवारी २०२४ रोजी नरेंद्र मोदी आले. लाल बावट्याखाली लढलेल्या कामगारांच्या घरांसाठी दोन वेगळ्या पक्षांचे दोन पंतप्रधान एकाच शहरात!