तिसरी चढाई पाहुण्याची

पहाटे साडेपाच. गोसीखुर्दच्या कालव्याच्या काठाने तो धावतोय. अंगात दोन स्वेटर, वरून पावसाळी जॅकेट. डिसेंबर असला तरी हा बंदोबस्त थंडीसाठी नाही. रात्री ६० किलो वजनगटात खेळायचं आहे आणि अंगावर किलोभर जास्त आहे, ते घामातून काढायचं. याच रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं १६०० मीटरचा सराव करतात. तोही कधी त्यांच्यातच होता. वय निघून गेलं, धावणं राहिलं.

सात. माय भात-वरण वाढायला बसते. तो अर्धा कप चहा घेतो. "जेवून जाय ना बाबू." सामन्याच्या दिवशी या वाक्याला उत्तर नसतं, हे तिलाही ठाऊक आहे.

आठ ते तीन धान खरेदी केंद्रावर हमाली. कट्टा ४० किलोचा. पाठीवर घ्यायचा, थप्पीवर टाकायचा. व्यायामशाळेचे पैसे वाचतात, असं तो म्हणतो. कमरेचं काय होतं, ते नाही सांगत. धान निघालं की झाडीपट्टीत तीनच गोष्टी चालतात: मंडई, नाटक आणि कबड्डी. दिवाळी ते होळी हा त्याचा हंगाम. बाकीचे महिने तो नुसता मजूर.

अकराला फोन. लाखांदूरकडच्या एका मंडळाच्या रेडरचा घोटा मुरगळला आहे. "येतेस का गा आज?" पेट्रोल, जेवण आणि बक्षीस लागलं तर वाटा. लिहून काही नाही. गेल्या आठवड्यात तो याच पोरांविरुद्ध खेळला होता.

त्याला स्वतःचा संघ नाही असं नाही, होता. वडिलांच्या वेळचं गाव वैनगंगेच्या काठी होतं, पटांगणासकट. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पुढे पाणी चढत गेलं, घरं पुनर्वसनात गेली, सातजण एका गल्लीत राहिले नाहीत. नव्या गावठाणात रस्ते आखलेले आहेत, मैदानासाठी सोडलेल्या जागेवर मात्र बाभूळ उभी आहे. तेव्हापासून तो बोलावेल त्याचा.

चारला मोटारसायकल, आजच्या संघाकडे. आईस हॉकीत माइक सिलिंजर नावाचा कॅनडाचा खेळाडू उत्तर अमेरिकेतल्या बड्या लीगमधल्या १२ संघांकडून खेळला. तिकडे तो विक्रम मानतात. आमच्या या भाऊला १२ संघ एका हिवाळ्यात होतात. फरक एवढाच की सिलिंजरला प्रत्येक वेळी करार होता.

सहा. वजन. शाळेच्या व्हरांड्यात धान मोजायचाच इलेक्ट्रॉनिक काटा. पोरं बनियनही काढतात. एकजण थुंकून येतो, पुन्हा चढतो. याचं ५९ किलो ८०० ग्रॅम. उतरताच दोन केळी, ग्लुकोजचं पाणी, मग भात. दिवसभराची भूक पाच मिनिटांत शमवायची आणि काही तासांनी पोटावर आपटायचं, हे कोणत्याच डॉक्टरला आवडणार नाही. आधारकार्ड तपासतात ते 'ग्रामीण' गटासाठी. खुल्या गटात पाहुणा चालतो. चिठ्ठ्या पडतात, चौथा सामना येतो, म्हणजे साडेनऊनंतर. कोणी खर्रा पुढे करतो. तो मान हलवतो. दम फुटतो त्याने.

मधल्या वेळेत तो जागचा हलत नाही. समोरच्या संघाची साखळी कुठून सुटते, डावा कोपरारक्षक घोट्याला पडतो की मांडीला, हेच पाहत बसतो.

पाहुणा बहुतेक वेळा रेडरच असतो. पकड ही जोडीची गोष्ट. कोपरा आणि कव्हर यांना एकमेकांचा श्वास कळावा लागतो, त्याला वर्षं जातात. एका रात्रीसाठी आलेल्याला साखळीत कोण घेणार? चढाई एकट्याने होते. पण कोणती चढाई त्याच्या वाट्याला येते? दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. ती तिसरी आली की कर्णधार मागे वळून बोट दाखवतो. सोप्या चढाया गावच्या पोरांच्या, त्यांच्या काकांसमोर. हा नियम कुठे छापलेला नाही.

पावणेदहा. हॅलोजनखाली चाळलेल्या मातीचं मैदान, चुन्याच्या रेषा. ध्वनिक्षेपकावर दात्यांची नावं संपत नाहीत. तो निदान रेषा ओलांडतो, बोनस रेषेकडे पाय टाकल्यासारखा करतो. कोपरा घोट्याकडे झेपावतो, तसा हा हात लावून परत. एक गुण. पुढच्या तिसऱ्या चढाईला तिघांनी त्याला उचलून आडवा केला. "पैसे खाऊन आला का बे?" प्रेक्षकांतून कोणीतरी. घरच्या पोराला हे कोणी म्हणत नाही.

२०२३ च्या प्रो कबड्डी लिलावात पवन सेहरावतवर दोन कोटी साठ लाखांच्या वर बोली गेली. हे आकडे त्याला तोंडपाठ आहेत. हेवा मात्र वाटतो तो क्रीडा कोट्यातून नोकरीला लागलेल्यांचा. सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी अधिकृत स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. गावोगावच्या ढाली तिथे चालत नाहीत.

अडीच वाजता उपांत्य फेरीत दोन गुणांनी हार. तिसरं बक्षीस, नऊ वाटे. पाकिटातले पैसे मोजून तो बूट सोडतोय, तेवढ्यात जिंकलेल्या संघाचा कर्णधार येतो.

"भाऊ, परवा पवनीकडे ५५ चे सामने आहेत. बसशील?"

"साठात बसतो कसाबसा. पंचावन्न नाही होत."

"मग शनिवारी खुले आहेत."

"पेट्रोल वेगळं."

"वेगळं," म्हणत कर्णधार नंबर लिहून घेतो.