आधी बाजू सांगा

कांजूरमार्गच्या पश्चिमेला एलबीएस मार्ग, पूर्वेला द्रुतगती महामार्ग आणि मधोमध मध्य रेल्वेचे रूळ. या पट्ट्यात पार्सल पोहोचवणाऱ्या मुलांबरोबर हिंडलं, की मोबाइलवरचा नकाशा कुठे अपुरा पडतो ते दिसतं. पडद्यावर गिऱ्हाइकाची इमारत हाकेच्या अंतरावर असते. पण ती रुळांपलीकडे असेल तर पायी माणसाला पादचारी पूल चढावा लागतो आणि बाइकवाल्याला थेट जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या) पुलाचा वळसा पडतो. म्हणून मुलगा बाइक कडेला घेतो, फोन लावतो. "दादा, ईस्ट की वेस्ट?"

"वेस्ट. हुमा मॉलपाशी या, मग सांगतो."

हा प्रश्न माणसाला विचारावा लागतो, हीच मला त्या पडद्याची मोठी उणीव वाटते. रुळांनी दुभागलेल्या उपनगरात पत्ता बाजूपासून सुरू होतो, मग ओळखीची खूण, मग गल्ली. बाजू ठळक अक्षरांत सगळ्यात वर हवी.

नकाशावर आपली जागा दाखवणारा ठिपका हलतो त्यालाही कारणं आहेत. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,000 किलोमीटरवरून क्षीण संदेश पाठवतात. उंच टॉवरांच्या भिंतींवर आपटून तो आला, की प्रवास लांबतो आणि फोन आपली जागा चुकीची मोजतो. लोखंडी पुलावर होकायंत्रही बिथरतं, दिशा दाखवणारा झोत भलतीकडे वळतो. जागेची खात्री कमी झाली, की ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ मोठं होतं. 'मी याच्या आत कुठेतरी आहे, नक्की सांगता येत नाही' असा त्याचा अर्थ. पण तो सांगणारं एक अक्षर तिथे नसतं. मी ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी काहींना ते नेटवर्कचं चिन्ह वाटत होतं. 'जागा नक्की नाही, खूण पाहा' एवढं साध्या मराठीत लिहिलं तरी खूप झालं.

ही अपेक्षा अवास्तव नाही. इथून रिक्षाच्या अंतरावर, पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी 'स्वरचक्र' हा कळफलक घडवला. व्यंजनावर बोट टेकलं की भोवती त्याच्या बाराखडीचं चक्र उघडतं. शाळेत अक्षरं जशी शिकलो तशीच ती समोर येतात, इंग्रजी कळफलकाची वाट धरावी लागत नाही. जागेच्या माहितीलाही माणसाच्या सवयीपासून अशीच सुरुवात करता येईल.

आणि हे लवकर व्हायला हवं. इथल्याच गांधीनगर नाक्यावर उड्डाणपूल आणि खालचा रस्ता वरून पाहणाऱ्या नकाशात एकमेकांवर पडतात. पुलावर चढलेल्याला खालचं वळण घेता येत नाही. त्यात मेट्रो 4 आणि मेट्रो 6 या मार्गिकांची भर पडते आहे. तेव्हा 'ईस्ट की वेस्ट'च्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येईल, 'वर की खाली?' त्याचंही उत्तर पडद्यावर असावं, बाइक कडेला घेऊन फोन लावायच्या आधी.