इंटरनेट रेंगाळते, दोष वायफायचा की वाहिनीचा?

संध्याकाळ झाली की घरातील इंटरनेट रेंगाळू लागते, मुलांचा ऑनलाइन वर्ग अर्ध्यावर तुटतो आणि सारा राग कंपनीवर निघतो. मात्र दोष प्रत्येक वेळी कंपनीचाच असतो असे नाही. संगणक केबलने थेट राउटरला जोडून पाहावा. तरीही खंड पडत असेल तर बिघाड राउटरमध्ये वा बाहेरच्या वाहिनीत शोधावा. केबलवर सारे सुरळीत चालले, तर संशय वायफायवर.

इमारतींत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांच्या राउटरची दाटी असते. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. येथे १, ६ व ११ हे चॅनेल एकमेकांवर कुरघोडी करीत नाहीत, त्यांतील कमी गर्दीचा निवडावा. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण काँक्रीटच्या भिंतींपुढे लवकर दमतो. राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटात दडवण्याची आपल्याकडील हौस इथे नडते.

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, तर मात्र राउटर बंद-चालू करण्यात फारसा अर्थ नाही. प्रकाशाचा संदेशच पोहोचत नसतो. तार तुटलेली, मुडपलेली वा जोडापाशी निखळलेली असते. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जरूर घ्यावा. दुरुस्ती रखडल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागताना तोच लागतो.