फलन आहे की नाही? सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘य हे क्षचे फलन आहे का?’ असा प्रश्न गणिताच्या पेपरात आला की बहुतेकांची नजर आधी सूत्र शोधू लागते. विचारायचे असते वेगळेच: क्षची किंमत सांगितली की यची किंमत एकच ठरते का? प्रत्येक क्षबाबत ठरत असेल तर फलन. एका जरी क्षला दोन वेगळे य निघाले, तर नाही. कसोटी एवढीच आहे. गोंधळ होतो तो आपण तिच्यात पदरच्या अटी घालतो म्हणून.

गैरसमज १: सूत्र असेल तरच फलन.

वस्तुस्थिती: हा समज थोरामोठ्यांचाही होता. गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी १७४८च्या ग्रंथात चल आणि स्थिरांकांपासून बनलेली पदावली म्हणजे फलन, अशीच व्याख्या केली होती. १७५५मध्ये त्यांनी स्वतःच ती सैल केली आणि एका राशीच्या दुसरीवरील अवलंबित्वावर भर दिला. गणितज्ञ डिरिक्ले यांनी १८२९मध्ये एक विलक्षण उदाहरण दिले: क्ष परिमेय असेल तर एक ठराविक किंमत, अपरिमेय असेल तर दुसरी. समजा, त्या किमती १ आणि ० आहेत. याचा आलेख हाताने काढून दाखवणे अशक्य, तरीही प्रत्येक क्षला य एकच. म्हणून हे फलनच. दहावीच्या निकालाच्या यादीत बैठक क्रमांकावरून एकूण गुण कळतात. तिथे कसलेही सूत्र नाही, पण फलन आहे.

गैरसमज २: क्ष बदलला की य बदललाच पाहिजे.

वस्तुस्थिती: दोन क्षंना एकच य चालतो, एका क्षला दोन य चालत नाहीत. पिन कोड घ्या. १५ ऑगस्ट १९७२पासून सुरू झालेली ही सहा अंकी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. टपालाचा पूर्ण पत्ता दिला की पिन एकच ठरतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतील असंख्य घरांचा पिन ४११०३० हाच असला, तरी त्याने काही बिघडत नाही. याचे टोक म्हणजे य = ७. क्ष काहीही असो, य सातच. हे स्थिर फलन. उलट क्ष = ७ ही उभी रेषा घेतली, तर एकाच क्षला अगणित य मिळतात आणि कसोटी मोडते.

गैरसमज ३: य हे क्षचे फलन असेल, तर क्षही यचे असणारच.

वस्तुस्थिती: दिशा बदलली की प्रश्न नव्याने विचारावा लागतो. सेल्सिअसवरून फॅरेनहाइट काढता येते आणि फॅरेनहाइटवरून सेल्सिअसही. तिथे दोन्ही दिशा जुळतात. पाण्याच्या घनतेचे मात्र तसे नाही. नेहमीच्या दाबाखाली द्रवरूप शुद्ध पाण्याचे तापमान दिले की घनता एकच ठरते. पण ही घनता सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते आणि दोन्ही बाजूंना उतरते. त्यामुळे ० अंशाला जी घनता, जवळपास तीच पुन्हा ८ अंशांच्या आसपास मिळते. या पट्ट्यात नुसत्या घनतेवरून तापमान सांगता येणार नाही.

गैरसमज ४: समीकरण दिले आहे, म्हणजे फलन आहेच.

वस्तुस्थिती: क्ष² + य² = २५ हे वर्तुळाचे समीकरण पाहा. क्ष = ३ ठेवले तर य = ४ चालतो आणि य = –४ सुद्धा. म्हणून य हे क्षचे फलन नाही. ‘य ऋण नसावा’ एवढी अट घातली की वरचे अर्धवर्तुळ उरते, आणि –५ ते ५ या प्रांतावर, म्हणजे क्षच्या एवढ्या किमतींवर, ते फलन होते. समीकरण तेच होते. उत्तर बदलले ते अटीमुळे.

गैरसमज ५: उभ्या रेषेची कसोटी कोणत्याही आलेखाला जशीच्या तशी लावावी.

वस्तुस्थिती: उभी रेषा आलेखाला एकाहून अधिक ठिकाणी छेदत नाही ना, हे पाहून उभ्या अक्षावरची राशी आडव्या अक्षावरच्या राशीचे फलन आहे की नाही ते कळते. म्हणून आधी अक्ष वाचावेत. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्या वळणाने अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर आणि मागणी आडव्या अक्षावर दाखवतात. मागणी हे किमतीचे फलन आहे का, हे तिथे आडव्या रेषा टाकून तपासावे लागते.

गैरसमज ६: दोन राशींत संबंध दिसला की एक दुसरीचे फलन.

वस्तुस्थिती: उंच माणसांचे वजन साधारणपणे जास्त असते, पण १६५ सेंटिमीटर उंचीची दोन माणसे वेगवेगळ्या वजनांची असतात. त्यामुळे माणसांच्या समूहात वजन हे उंचीचे फलन नाही. याउलट, फलन असले म्हणून एक राशी दुसरीचे कारण ठरत नाही. बैठक क्रमांकामुळे कोणाला गुण मिळत नाहीत.

तेव्हा तपासताना तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात: कोणती राशी दिलेली आहे, ती कोणत्या वस्तूंची आहे, आणि तिच्या एका किमतीला दोन उत्तरे निघतात का. नकार द्यायला एक उदाहरण पुरते. होकारासाठी मात्र सर्व किमतींची खात्री हवी. क्षेत्रफळ हे परिमितीचे फलन आहे का? २० सेंटिमीटर परिमितीचा आयत ९ × १ असेल तर क्षेत्रफळ ९ चौरस सेंटिमीटर, ६ × ४ असेल तर २४. म्हणजे आयतांसाठी उत्तर ‘नाही’. चौरसांसाठी मात्र ‘हो’, कारण २० परिमितीच्या चौरसाची बाजू ५ आणि क्षेत्रफळ २५च. कोणत्या आकृत्यांबद्दल बोलतो आहोत हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.