डेमोनिक रेझरेक्शन : ओस्लोचा सूर, मुंबईचे अवतार

डेमोनिक रेझरेक्शन हा मुंबईचा मेटल बँड २००० साली सुरू झाला. त्याचा संस्थापक, गायक आणि गिटारवादक साहिल मखिजा तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. पुढच्या काळात बँडमध्ये वादक आले, काही वर्षे टिकले, नोकरी-संसाराला लागले आणि गेले. पहिल्या दिवसापासून राहिला तो एकटा मखिजा. बँडच्या संगीतात अनेक प्रवाह मिसळलेले आहेत, पण त्यातला सर्वांत ठळक प्रवाह नॉर्वेचा आहे. जेमतेम पन्नास लाख वस्तीच्या त्या थंड देशात १९९० च्या दशकात 'ब्लॅक मेटल' नावाचा एक कर्कश, काळोखा संगीतप्रकार आकाराला आला होता. दमट हवेच्या, लोकलच्या गर्दीच्या मुंबईत त्याचे काय झाले, हे समजून घ्यायचे तर आधी नॉर्वेकडे पाहावे लागते.

ब्लॅक मेटल हे नाव मात्र नॉर्वेचे नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडने १९८२ मध्ये त्या नावाचा अल्बम काढला होता. स्वीडनच्या बाथोरी या बँडने त्या आवाजाला अधिक खरखरीत आणि थंडगार केले. १९८४ मध्ये ओस्लोजवळ मेहेम हा बँड उभा राहिला. त्याचा गिटारवादक ऑयस्टाइन ओर्शेत, टोपणनाव युरॉनिमस, याने १९९१ मध्ये ओस्लोत 'हेल्वेते' नावाचे रेकॉर्डचे दुकान उघडले. त्या दुकानाभोवती विशी-बाविशीतल्या पोरांचा एक कंपू जमला. चेहरा पांढरा रंगवून डोळ्यांभोवती काळे फासायचे, म्हणजे माणूस प्रेतासारखा दिसतो. ख्रिस्ती धर्माविरुद्ध जितके भडक बोलता येईल तितके बोलायचे. आणि रेकॉर्डिंग मुद्दाम ओबडधोबड ठेवायचे, असा त्यांचा खाक्या होता.

बोलणे बोलण्यापुरते राहिले नाही. ६ जून १९९२ रोजी बर्गेनजवळचे फांटॉफ्टचे जुने लाकडी चर्च जळाले आणि त्यानंतर देशभर चर्च जाळण्याचे सत्रच सुरू झाले. १० ऑगस्ट १९९३ रोजी बुर्झुम या एकट्याच्या बँडचा वादक वार्ग विकर्नेस याने युरॉनिमसचा भोसकून खून केला. त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. त्यातली विचित्र गोष्ट अशी की १९९४ मध्ये मेहेमचा जो अल्बम बाहेर आला, त्यात मारणारा आणि मेलेला असे दोघेही वाजवताना ऐकू येतात. या प्रकारावर जगभरात लेख, पुस्तके आणि चित्रपट निघाले. गुन्ह्यांची चर्चा इतकी झाली की संगीताची चर्चा मागे पडली, आणि ती पडायला नको होती.

कारण त्याच काळात संगीताच्या दृष्टीने महत्त्वाचे काम चालू होते. तेलेमार्क भागातल्या नोटोडेन या छोट्या गावच्या एम्परर या बँडने बर्गेनच्या ग्रीगहालेन या वास्तूत 'इन द नाइटसाइड एक्लिप्स' हा अल्बम रेकॉर्ड केला. तो १९९४ मध्ये इंग्लंडच्या कँडललाइट रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केला. गायक-गिटारवादक इसान तेव्हा विशीतही नव्हता. या बँडच्या काही सदस्यांनाही गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झाल्या, हे खरे. पण अल्बममध्ये खरखरीत गिटारींच्या मागे कीबोर्डवर वाद्यवृंदासारखे स्वरांचे थर रचलेले होते. आधीच्या ब्लॅक मेटलमध्ये इतकी भव्यता क्वचितच ऐकू आली होती. डिम्मू बोर्गीर या नॉर्वेच्याच बँडने हाच मार्ग पुढे नेला. १९९७ च्या अल्बमने त्यांना युरोपभर श्रोते मिळवून दिले आणि २००३ च्या अल्बममध्ये त्यांनी खराखुरा सिंफनी ऑर्केस्ट्रा वापरला. एन्स्लेव्हड या दुसऱ्या बँडने चर्चविरोधाऐवजी नॉर्वेच्या जुन्या देवदेवतांच्या कथांकडे मोर्चा वळवला. मुंबईच्या गोष्टीत हे दोन्ही धागे पुढे लागणार आहेत.

हे संगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नुसता गोंगाट वाटते. त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. ते तसे वाटावे अशीच रचना असते. पण कान सरावला की आतली बांधणी दिसू लागते. गिटारवादक एकेक स्वर सुटा न छेडता तारेवर अत्यंत वेगाने वर-खाली आघात करत राहतो. सतारीच्या झाल्यात चिकारीच्या तारांवर जी दाटी होते, तशी दाटी इथे मुख्य सुरावटीवरच होते. त्यामुळे स्वर तुटक न राहता एक अखंड, थरथरता पडदा तयार होतो. ड्रमर एका हाताने झांज, दुसऱ्या हाताने स्नेअर हा छोटा ढोल आणि पायाने मोठा ढोल सारख्याच वेगाने, मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त वाजवतो. याला 'ब्लास्ट बीट' म्हणतात. गंमत अशी की ढोल इतका वेगात असला तरी त्यावरची सुरावट पुष्कळदा संथ असते. वेग आणि संथपणा एकाच वेळी ऐकू येतात आणि त्यातून एक तरंगती, भारून टाकणारी अवस्था निर्माण होते. गायकाची किंकाळी किंवा गुरगुर म्हणजे घसा फाडून ओरडणे नव्हे. खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या पडद्यांना कंप देऊन, श्वासावर ताबा ठेवून तो आवाज काढावा लागतो. तंत्र चुकले तर एका कार्यक्रमात आवाज बसतो.

मुंबईत रॉक संगीताचा पाया डेमोनिक रेझरेक्शनच्या आधीच घातला गेला होता. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला आणि कॉलेजच्या पोरांची पिढी त्या खुल्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर डोके हलवत मोठी झाली. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवन संगीतासाठी बंद झाले. अलाहाबादहून १९९३ मध्ये सुरू झालेले 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक देशभरच्या बँडांची खबर देत असे. पण वाजवायचे काय, तर बहुतेक बँड परदेशी बँडांचीच गाणी वाजवत. स्वतःचे गाणे रचले की श्रोते कंटाळत, आयोजक नाके मुरडत. अशा हवेत २००० साली डेमोनिक रेझरेक्शनने स्वतःच्याच गाण्यांचा 'डेमनस्टीलर' हा पहिला अल्बम काढला. कलाकुसरीच्या दृष्टीने तो कच्चा आहे. त्याचे महत्त्व दुसरीकडे आहे: पदार्पणातच, कुणाची परवानगी न मागता, सगळी गाणी स्वतःची.

आवाज खऱ्या अर्थाने सापडला तो २००५ च्या 'अ डार्कनेस डिसेंड्स' मध्ये. त्यात ब्लास्ट बीट आहेत, नॉर्वेच्या वळणाचे कीबोर्डचे थर आहेत, डेथ मेटल या आणखी एका कठोर प्रकाराची जाड गुरगुर आहे आणि मधूनच मखिजा अगदी साध्या, स्वच्छ आवाजात गातो. हा स्वच्छ आवाज शुद्धतावादी ब्लॅक मेटलवाल्यांना खपत नाही. पण बँडची ओळख त्यानेच घडवली. २००७ मध्ये 'बियाँड द डार्कनेस' ही छोटी रेकॉर्ड आली आणि २०१० मध्ये 'द रिटर्न टू डार्कनेस' या अल्बमने ही काळोखाची त्रयी पूर्ण झाली. कॅनडाच्या सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन यांनी जगभरच्या मेटल चाहत्यांवर 'ग्लोबल मेटल' हा माहितीपट काढला, त्यात मुंबईचे दर्शन घडते आणि मखिजाही बोलतो.

२०१० हे वर्ष बँडसाठी वळणाचे ठरले. 'मेटल हॅमर' या ब्रिटिश मासिकाच्या गोल्डन गॉड्स पुरस्कारांत त्यांना 'ग्लोबल मेटल' हा पुरस्कार मिळाला. 'द रिटर्न टू डार्कनेस' भारताबाहेर प्रसिद्ध करायला कँडललाइट रेकॉर्ड्स पुढे आले. म्हणजे ज्या कंपनीने एम्पररचा तो १९९४ चा अल्बम जगापुढे आणला, तिच्याच यादीत आता मुंबईचे नाव लागले. ओस्लोच्या इन्फर्नो महोत्सवातही बँड वाजला. २००१ पासून ईस्टरच्या सुट्टीत भरणारा हा महोत्सव म्हणजे ब्लॅक मेटलचे माहेरघर. पुढे जर्मनीतल्या वॅकन आणि इंग्लंडमधल्या ब्लडस्टॉक या मोठ्या महोत्सवांच्या मंचावरही हा बँड उभा राहिला.

एवढे होऊनही या संगीतावर पोट भरणे शक्य नव्हते, आणि इथे मुंबई व नॉर्वे यांच्यातला फरक उघडा पडतो. नॉर्वेत वाद्ये, तालमीच्या जागा, दौरे आणि सरकारी अनुदान यांची एक व्यवस्था आहे. एके काळी देशाची लाज ठरलेला हा संगीतप्रकार तिथे आता निर्यातीचा आणि पर्यटनाचा विषय झाला आहे. भारतात मोठ्या कंपन्यांना अशा संगीतात रस नव्हता. म्हणून मखिजाने डेमनस्टीलर रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी काढली आणि इतर भारतीय बँडांचेही अल्बम त्यातून प्रसिद्ध केले. घरीच रेकॉर्डिंगची सोय उभी केली. 'रेझरेक्शन' नावाने कार्यक्रम भरवले. रेप्टिलियन डेथ हा निव्वळ डेथ मेटलचा आणि वर्कशॉप हा चक्क विनोदी मेटलचा बँड चालवला. 'हेडबँगर्स किचन' या इंटरनेटवरच्या कार्यक्रमात तो आधी मेटल वादकांच्या मुलाखती घेत त्यांच्यासाठी मांसाचे पदार्थ रांधत असे. पुढे तो कार्यक्रम कमी कर्बोदकांच्या 'किटो' पाककृतींसाठी जगभर पाहिला जाऊ लागला. कानठळ्या बसवणाऱ्या गायकाचा चरितार्थ स्वयंपाकघराने सावरावा, हे भारतीय मेटलच्या अर्थकारणाचे पुरेसे बोलके चित्र आहे.

संगीताच्या आशयाचा प्रश्न याहून अवघड होता. नॉर्वेच्या पोरांचा राग त्यांच्या राष्ट्रीय चर्चवर होता, त्यामुळे सैतानाचे नाव घेताच तिथे घराघरात खळबळ उडे. मुंबईत सैतान कुणाचाच नव्हता. ज्या शहरात मंदिर, मशीद, चर्च, अग्यारी एकाच रस्त्यावर असतात, तिथे त्या बंडाची नक्कल पोकळ ठरली असती. त्रयीतल्या अल्बममध्ये बँडने राक्षस, अंधार आणि युद्ध यांचे कल्पनाविश्व उभे केले. २०१४ चा 'द डेमन किंग' हाही दानवराजाच्या उदयाची सलग कथा सांगतो. ऐकायला तो दणकट आहे, पण कथेची भूमी कोणत्याच देशाची नाही.

२०१७ च्या 'दशावतार' मध्ये ती भूमी सापडली. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की अशी दहा गाणी, प्रत्येक अवतारावर एक. शब्द इंग्रजीच आहेत, पण कीबोर्डच्या पाश्चात्त्य थरांबरोबर आता भारतीय वाद्ये आणि मंत्रांचा घोष येतो. एन्स्लेव्हडने नॉर्वेच्या जुन्या देवांकडे वळून जे केले, त्याच जातीचे हे काम आहे. फरक एवढाच की ते देव हजार वर्षांपूर्वी उपासनेतून गेले, आणि हे देव आजही देव्हाऱ्यात आहेत. त्यामुळे बँडला बंडखोराची नव्हे, कथेकऱ्याची भूमिका घ्यावी लागली. या अल्बमच्या वेळी मखिजाबरोबर गिटारवर निशित हेगडे, बासवर अश्विन श्रीयान आणि ड्रमवर वीरेंद्र कैठ होते.

मराठी वाचकाला या विषयात परके वाटण्यासारखे काहीच नाही. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला गेले की पंधरा क्रमांकाचे दुमजली लेणे लागते. त्याचे नावच दशावतार. आठव्या शतकातला राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा शिलालेख तिथे आहे. वरच्या मजल्यावरच्या शिल्पपटांत नरसिंह हिरण्यकशिपूला भिडलेला दिसतो: उगारलेले हात, पुढे झेपावलेले अंग, दगडातही न थांबलेली गती. कोकणात तर दशावतार रात्रभर रंगमंचावर उभा राहतो आणि काळ्या वेषातला संकासुर पोरांना घाबरवत, मोठ्यांना हसवत फिरतो. उग्र देव आणि भीषण असुर यांची करमणूक म्हणून मांडणी करणे या प्रदेशाला जुनेच आहे. बँडने त्याला दुहेरी बास ड्रमची जोड दिली. 'नरसिंह' मधला वेग आणि गुरगुर विषयाला शोभते. 'बुद्ध' मध्ये मात्र या शैलीची खरी परीक्षा होते, कारण शांतीचा उपदेशक ब्लास्ट बीटवर आणायचा म्हणजे कसरत आहे. ती सगळीच साधली आहे असे म्हणता येत नाही.

मुंबईत ब्लॅक मेटलची निखळ नॉर्वेजियन वाट धरणारेही आहेत. सोलार डेइटी हा बँड कीबोर्डचा थाट टाळून तीच खरखरीत, उघडीवाघडी शैली वाजवतो. भयानक मौतसारख्या बँडने नाव अस्सल देशी घेतले, पण संगीत अमेरिकी वळणाचे ठेवले. या सगळ्यांत डेमोनिक रेझरेक्शन सर्वाधिक काळ टिकले आणि सर्वाधिक दूरवर पोचले.

अलीकडे मखिजाचा ओढा 'डेमनस्टीलर' या नावाने काढलेल्या एकट्याच्या अल्बमांकडे आहे. २०१६ च्या 'धिस बर्डन इज माइन' मध्ये नाइल बँडच्या जॉर्ज कोलियस या ग्रीक वादकाने ड्रम वाजवले. २०२३ च्या 'द प्रोपगंडा मशीन' मध्ये दानवराजे आणि अवतार दोन्ही मागे पडले आहेत. तिथे गाणी आहेत ती प्रचारयंत्रणा, जमावाचा उन्माद आणि सत्तेचे राजकारण यांवर, आणि त्यातल्या वादकांनी वेगवेगळ्या देशांत बसून, आपापला भाग रेकॉर्ड करून इंटरनेटवरून मुंबईला पाठवला.