आधी कान, मग कोश

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी आटोपत येते, त्याच सुमारास शाळांच्या फलकांवर संस्कृत स्पर्धांची पत्रके लागतात. श्रावण पौर्णिमा हा संस्कृत दिन म्हणून १९६९ पासून पाळला जातो. त्या सप्ताहात श्लोकपाठांतर, कथाकथन, वक्तृत्व, प्रश्नमंजुषा असे बरेच काही असते. मग पालक विचारतात, "सर, पुस्तक कोणतं घ्यायचं?"

पुस्तकांची टंचाई नाही, आणि त्यांतली बरीचशी फुकट मिळतात. अडते ते क्रमावर. मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी शब्दरूपांचा तक्ता पडतो. 'राम' शब्दाच्या आठ विभक्ती, तीन वचने, एकूण चोवीस रूपे. ती घोकता घोकता भाषेची गोडी लागण्याआधीच भीती बसते. तक्ते लागतातच, पण ते तिसऱ्या पायरीवर. पहिली पायरी कानाची.

आकाशवाणी १९७४ पासून संस्कृत बातम्या देते. रोज थोडा वेळ त्या ऐकाव्यात. अर्थ कळला नाही तरी चालेल, वाक्य कुठे सुरू होते आणि कुठे टेकते ते कानाला कळू लागते. आपल्या मराठी जिभेच्या काही सवयी आहेत. 'चमचा' मधला दंत्य च आणि 'चिमणी' मधला तालव्य च आपण सहज वेगळे बोलतो, पण संस्कृतात च, ज, झ सगळीकडे तालव्यच. शब्दाच्या शेवटचा अ आपण गिळतो, संस्कृतात तो पूर्ण म्हणावा लागतो. ऋ चा रु होतो, ज्ञ चा द्न्य होतो. परीक्षक गुण कापतात ते बहुधा इथेच.

आपल्या भागात याहून एक गोष्ट अधिक आहे. झाडीबोलीत ण चा न होतो, ळ चा र होतो, श आणि ष दोन्ही स मध्ये मिळतात. डोळ्याला 'डोरा' म्हणणारे लेकरू चुकत नाही, ते आपल्या आईची भाषा बोलत असते. त्याला "तुझे उच्चार अशुद्ध" असे सांगणाऱ्या शिक्षकाने त्याचे तोंड कायमचे बंद केले असे मी मानतो. त्याला सांगावे की या भाषेत दोन-चार नवे आवाज आहेत, ते शिकू या. ण, ष, श असलेले वीस-पंचवीस शब्द काढून रोज मोठ्याने म्हणवून घेतले, तर महिनाभरात जीभ वळते.

दुसरी पायरी पाठांतराची. गीतेचा बारावा आणि पंधरावा अध्याय स्पर्धांत वारंवार असतात, कारण दोन्ही वीसच श्लोकांचे आहेत. बारावा सगळा आठ-आठ अक्षरांच्या चरणांचा, एकाच चालीत जातो. पंधराव्यात मात्र दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे श्लोक आणि पुढे पंधरावा श्लोक लांब, साधारण अकरा अक्षरी चरणांचे आहेत. चाल बदलते आणि मूल नेमके तिथे अडखळते. हे पाच श्लोक आधी वेगळे बसवावेत. चरणाची अक्षरे बोटांवर मोजायला शिकलेल्या मुलाला पुढे वृत्तांचे प्रश्नही जड जात नाहीत. 'मेघदूत' अख्खे मंदाक्रांतेत आहे, चरणाला सतरा अक्षरे, यती चार, सहा आणि सात अक्षरांवर. हे त्याला कानानेच पटते.

मग अर्थ, आणि अर्थासोबत व्याकरण. इथे सर्वांत जवळचे साधन म्हणजे बालभारतीची पाठ्यपुस्तके. नववी-दहावीचे 'आमोदः' आणि 'आनन्दः' संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात, आणि शाळेत संस्कृत विषयच नसलेल्या मुलालाही ती वापरता येतात. त्यांच्या जोडीला रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची दोन पुस्तके घ्यावीत, 'मार्गोपदेशिका' आणि 'संस्कृतमंदिरांतःप्रवेशिका'. ती १८६० च्या दशकात लिहिली गेली, आणि नियम सांगून लगेच वाक्ये करायला लावण्याची त्यांची रीत आजही सरस आहे. वामन शिवराम आपट्यांचा १८९० चा कोश जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. अर्थ इंग्रजीत आहेत, तरी शब्द शोधण्याची सवय लावायला तो पुरे. अमरकोश मात्र पाठच करावा, निदान पहिल्या कांडातले दोन वर्ग. प्रश्नमंजुषेत 'सूर्याची पाच नावे सांगा' असा प्रश्न आला की त्याचे मोल कळते.

एकेकाळी मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. १९१२ साली ती चिंतामण द्वारकानाथ देशमुखांनी मिळवली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले, आणि या सगळ्या धबडग्यात त्यांनी 'मेघदूत' मराठीत आणले, उतारवयात अमरकोशावर काम केले. शाळेच्या स्पर्धेने लावलेली गोडी किती लांब जाते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

प्रश्नमंजुषेसाठी इतिहास लागतो, आणि तो तर आपल्या अंगणात आहे. 'उत्तररामचरित' लिहिणारा भवभूती स्वतःला विदर्भातल्या पद्मपुराचा म्हणवतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पद्मपूर असे ठरवले. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यातच होते. रामटेक शेजारीच. कालिदासाची रामगिरी तीच असे मिराशींचे मत, आणि १९९७ पासून कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयही तिथेच आहे. स्पर्धेआधी एकदा मुलांना तिथे न्यावे. नागपुरात १९५१ मध्ये श्री. भा. वर्णेकरांनी 'संस्कृतभवितव्यम्' हे साप्ताहिक सुरू केले. त्याचे जुने अंक ग्रंथालयात सापडले तर सोडू नयेत, त्यातली साधी, छोटी वाक्ये कथाकथनाला नमुना म्हणून फार उपयोगी आहेत.

पवनीकडे अजून कोणत्याही शाळेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, याचे मला वाईट वाटते. १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीवर उत्खनन होऊन बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख आहेत, स्तूपासाठी दान देणाऱ्यांची नावे आहेत. लेख लहान, शब्द ठरावीक. ब्राह्मीची अक्षरे शिकायला आठवड्याहून जास्त लागत नाही, आणि आपल्याच तालुक्यातला दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस नावानिशी वाचता येतो.

इथून वाट पालीकडे जाते, आणि या जिल्ह्यात ती वाट घरातूनच निघते. अनेक घरांत त्रिशरण-पंचशील लहानपणापासून पाठ असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीसोबत पाली आणि प्राकृत यांनाही अभिजात दर्जा मिळाला. तेव्हा अभिजात भाषांच्या स्पर्धा केवळ संस्कृतपुरत्या ठेवायचे कारण उरलेले नाही. पालीत द्विवचन नाही, विसर्ग नाही, ऋ नाही, आणि श-ष-स मिळून एकच स आहे. झाडीबोलीच्या लेकराला या बाबतीत पाली संस्कृतापेक्षा जवळची. धम्मपदात २६ वर्ग आणि ४२३ गाथा आहेत. पहिला यमकवग्ग वीस गाथांचा, म्हणजे गीतेच्या बाराव्या अध्यायाएवढाच. मूळ पाली ग्रंथ देवनागरीत इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने मोफत उपलब्ध करून दिले आहेत.

आणि एक पुस्तक तर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत हवे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले गेले नाही, फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या बळावर शिकले आणि पालीचे व्याकरण व कोश त्यांनी स्वतः तयार केला. १९५४ मध्ये ज्या भंडाऱ्यातून ते लोकसभेची पोटनिवडणूक लढले, तिथल्या किती शाळांत हा ग्रंथ आहे? महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात तो छापला आहे. त्यातल्या कोशात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजरातीतही दिले आहेत. इंग्रजी अर्थांवर अडणाऱ्या मुलांसाठी याहून सोयीचे साधन नाही.

राहिला नाट्यविभाग. राज्य शासनाची संस्कृत नाट्यस्पर्धा आहे, शाळांतही प्रवेश बसवले जातात. इथे झाडीपट्टीच्या मुलांना शिकवावे लागत नाही. दंडार आणि रात्रभराची नाटके पाहत ती वाढलेली असतात, आवाज कसा टाकायचा हे त्यांना ठाऊक असते. त्यांच्या हाती शाकुंतल देऊ नये, भासाच्या एकांकिका द्याव्यात. वाक्ये छोटी, प्रसंग थेट. पाच-सहा मुले असतील तर 'कर्णभार'. आठ-नऊ असतील आणि एखादा दणदणीत आवाजाचा घटोत्कच सापडत असेल, तर 'मध्यमव्यायोग'. संहिता पहिले आठ दिवस नुसती बसून मोठ्याने वाचावी, प्रत्येकाने आपल्या वाक्याचा अर्थ झाडीबोलीत सांगावा, आणि त्यानंतरच उभे राहून तालमीला लागावे.